नखाएवढं मैदान

आमचं मैदान नकाशावर शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. जागा सापडली, पण मैदान सापडलं नाही. जिथे ते असायला हवं होतं तिथे आजूबाजूच्या चाळींसकट सगळ्यावर एकच रंग ओतलेला होता, आणि सूचीत त्या रंगापुढे एकच शब्द होता : झोपडपट्टी.

भांडुप पश्चिमेच्या टेकडीवर आमची वस्ती आहे. आई १९७४ साली संगमेश्वरहून इथे आली, तेव्हा विहिरीच्या वरच्या अंगाला झाडीच होती असं ती सांगायची. १९९८ पासून मी याच वस्तीत बालवाडी चालवते. दारासमोर मैदान आहे. टेकडीवर राहणाऱ्याला सपाट जागेचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी त्यावर माझी मुलं असतात, दुपारी बायका पापड-कुरडया वाळत घालतात, संध्याकाळी क्रिकेट, होळी तिथेच, लग्नाचा मांडव तिथेच. २६ जुलै २००५ च्या रात्री वरच्या चाळींतली माणसं दरडीच्या भीतीने खाली आली. ऐंशीएक जणांनी बालवाडीत उभ्याने रात्र काढली. पोरांना बाकांवर निजवलं होतं. उजाडल्यावर अख्ख्या वस्तीची मोजदाद या मैदानावरच झाली, कोण आहे आणि कोण नाही ते.

म्हणून २०१२ च्या अखेरीला काही कार्यकर्ते छापील नकाशा घेऊन आले आणि ‘यात तुमची जागा बघून घ्या’ म्हणाले, तेव्हा मी आधी मैदानच शोधलं.

तो ‘विद्यमान जमीन वापर’ नकाशा होता. आज जमिनीवर काय आहे ते त्यात दाखवायचं असतं. पुढच्या वीस वर्षांत काय व्हायला हवं, ते त्याच्या आधारावर विकास आराखड्यात ठरतं. कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. मुंबईचा पहिला आराखडा १९६७ साली मंजूर झाला. दुसरा १९९१ पासून पुढे टप्प्याटप्प्याने. आता तिसरा यायचा होता, २०१४ ते २०३४ चा. तोवर मला एवढंच ठाऊक होतं की ‘डीपी’ (डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजे हाच विकास आराखडा) ही बिल्डर लोकांच्या तोंडची भाषा आहे. शाळा कुठे, दवाखाना कुठे, रस्ता किती रुंद, कुठे किती मजले चढणार, हे सगळं त्याच कागदावर ठरतं, हे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. फार उशीर झाला असं तेव्हा वाटलं. पण निदान आराखडा अजून व्हायचा होता.

आकाशातून काढलेल्या चित्रावरून नकाशा करायचा म्हटलं की आमच्यासारख्या वस्तीत काय होतं ते तेव्हा समजलं. पत्रा पत्र्याला लागून असतो. वरून बघणाऱ्याला बालवाडीचा पत्रा आणि घराचा पत्रा सारखाच दिसणार. मैदानाच्या कडेला वड आहे, त्याच्या सावलीत निम्मं मैदान झाकलं जातं. उरलेली मोकळी जागा म्हणजे घरांमधली फट, असं समजायला वाव होता. वरून बघून कळत नाही म्हणून तर चालून बघायचं असतं.

मग आम्हीच चालायचं ठरवलं. बचत गटातल्या पाच जणी, कॉलेजातली दोन पोरं आणि तात्या. तात्या आमच्या चाळीतले, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हाला प्रमाण शिकवलं. आमच्या हातातल्या प्रतीवर १:४००० लिहिलेलं होतं. तात्या म्हणाले, “कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे चाळीस मीटर. आता मैदान मोजा.” टेप लावून मोजलं : लांबी अठ्ठावन्न मीटर, रुंदी बत्तीस. त्यांनी पट्टीने कागदावर चौकोन काढला, जेमतेम दीड सेंटीमीटर लांब आणि पाऊण-एक रुंद. मी त्यावर अंगठा ठेवला तर नखाखाली सगळं मैदान गेलं. एवढ्याशा जागेत पेन्सिल थोडी सरकली तरी जमिनीवर आमचं केवढं जाईल, हे त्या क्षणी पोटातून जाणवलं.

तीन रविवार चालण्यात गेले. तीन बालवाड्या, भाड्याच्या खोलीतला एक दवाखाना, दोन विहिरी, सात सार्वजनिक शौचालयं, मंडळाच्या खोलीतलं वाचनालय, आमचं मैदान आणि वरच्या बाजूचं एक लहान पटांगण. नकाशावर यातलं काहीच नव्हतं. बचत गटातल्या एका वहिनींनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी माझ्या डोक्यातही आली नव्हती. “घरांच्या रंगात आपलं काम कुठे दिसतंय?” त्यांचं खरं होतं. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत इमिटेशनच्या माळा ओवायचं काम चालतं, कुणी शिलाई करतं, कुणी डबे देतं. नकाशाच्या भाषेत निवास वेगळा, व्यवसाय वेगळा, प्रत्येकाला आपापला रंग. आमच्याकडे दोन्ही एकाच दहा बाय बाराच्या खोलीत. त्याला रंग कोणता द्यायचा, हे आम्हालाही सुचलं नाही. शेवटी यादीत प्रत्येक गल्लीपुढे ‘घर आणि काम दोन्ही’ असं लिहिलं.

त्यानंतर मी पहिलं पत्र लिहिलं. तीन पानी. आईच्या येण्यापासून २००५ च्या रात्रीपर्यंत सगळं त्यात होतं. ते वाचून दाखवलं तेव्हा दोघीजणींच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “यात सिटी सर्व्हे नंबर कुठे आहे?”

तो नव्हताच. झोपडपट्टीत राहणाऱ्याकडे फोटोपास असतो, रेशनकार्ड असतं, विजेचं बिल असतं. जमिनीचा नंबर आपल्याला लागेल असं कधी वाटतच नाही. नगर भूमापन कार्यालयात दोन खेपा घातल्या, मालमत्ता पत्रक मिळवलं. जमीन खासगी मालकीची, हे ढोबळ माहीत होतंच, आता कागदावर दिसलं. वाचणाऱ्यांपैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगते : हरकतीच्या पत्रात वॉर्ड, नकाशाचा शीट क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, नकाशात काय दाखवलंय, प्रत्यक्षात काय आहे, नेमका कोणता बदल हवा आणि का, एवढं एका पानात यायला हवं. सोबत फोटो आणि मोजमापाचा कच्चा नकाशा. शेवटी ‘प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य न विसरता लिहायचं. आणि पोच घ्यायची, शिक्का आणि तारीख असलेली. आमचं दुसरं पत्र असं गेलं.

पुढच्या दोनेक वर्षांत कितीतरी बैठका झाल्या. शहरभरच्या संस्था, वस्त्यांतली मंडळं, वास्तुविशारद, फेरीवाल्यांच्या, मच्छीमारांच्या संघटना एकत्र येऊन बोलत होत्या. तिथे मला पहिल्यांदा कळलं की माझं दुःख एकटीचं नाही. कोळीवाड्यातून आलेल्या एक मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मासे सुकवायची आमची जागा तुम्हाला मोकळी दिसते, कारण तुम्ही बघता तेव्हा तिच्यावर मासे नसतात. गावठाणांची हद्द कुठवर, कोळीवाड्यांची कुठवर, हा प्रश्न त्या सगळ्या काळात पुन्हा पुन्हा निघत राहिला. महिलांच्या प्रश्नांवर वेगळी बैठक झाली तेव्हा मी पाळणाघराबद्दल बोलले. नोकरी करणाऱ्या बाईला घर आणि स्टेशन यांच्या वाटेवर मूल ठेवायला जागा हवी, आणि ती जागा आराखड्यातच राखली नाही तर नंतर कुणी देत नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. हरकतींना साठ दिवस. वीस वर्षांच्या कागदाला साठ दिवस, तेही परीक्षांच्या हंगामात. मी पाहिलेला अहवाल इंग्रजीत होता. कॉलेजातली पोरं रात्री मराठीत सांगायची, मी वहीत उतरवून घ्यायची.

आमच्या शीटवर या वेळी मैदानाच्या जागी दोन समांतर रेघा होत्या. १३.४० मीटर रुंदीचा नियोजित रस्ता. तो खालच्या रस्त्यावरून निघून मैदानाच्या मधून, बालवाडीचा कोपरा कापत, सरळ टेकडीत घुसत होता. टेकडीच्या त्या भागाला इतका चढ आहे की आम्ही तिथे पायऱ्या खोदून चढतो. सपाट कागदावर चढ दिसत नाही. तात्यांनी उंचीतला फरक मोजून, पायऱ्या मोजून, एक छेद काढून दिला, म्हणजे टेकडी बाजूने कापली तर चढ कसा दिसेल त्याचं चित्र. त्यांचं ते चित्र माझ्या मते आमच्या सगळ्या कागदांमधलं सर्वांत बोलकं होतं. ते काढताना त्यांचा हात थरथरत होता, तरी रेघ सरळ आली.

त्या दोन महिन्यांत मुंबईत जे झालं ते मी तोवर पाहिलं नव्हतं. उभ्या इमारतींमधून रस्ते गेलेत, वारसा इमारती नकाशावरून नाहीशा झाल्यात, आरे वसाहतीची जमीन बांधकामाला खुली होतेय, स्टेशनांजवळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येईल तो आकडा) आठपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आहे, अशा बातम्या रोज येत होत्या. दादर-गिरगावातली माणसं आणि आमच्यासारख्या वस्तीतली माणसं एकाच खिडकीसमोर रांगेत उभी होती. साठ हजारांहून जास्त हरकती आल्या. एका पत्रावर हजार सह्या केल्या तरी ती हरकत एकच धरतात असं आम्हाला सांगितलं होतं, म्हणून आम्ही घरटी वेगळं पत्र केलं. माळा ओवणाऱ्या बायकांनी काम बाजूला ठेवून पत्रं लिहिली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची बालवाडीच्या माजी विद्यार्थ्यांनी लिहून दिली. माझ्याकडे ‘अ आ इ’ गिरवलेल्या पोरीने आजीचं पत्र लिहिलं आणि आजीने खाली अंगठा दिला, हे मी विसरणार नाही.

२१ एप्रिल २०१५ ला मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा बाजूला ठेवून चुका दुरुस्त करून नव्याने करायला सांगितलं. वस्तीत फटाके लागले. मी मात्र त्या रात्री अस्वस्थ होते. तो निर्णय योग्यच होता असं आजही वाटतं, तेवढ्या चुका घेऊन शहर वीस वर्षं चालू शकलं नसतं. पण आमची दोनशे दहा पत्रं आता कुठे जाणार, रस्ता रद्द झाला तरी मैदान नकाशावर येईल का, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. रस्ता रद्द होणं आणि मैदान नोंदलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांच्या मनात त्या एकच होत्या, आणि गर्दी पांगली ती तिथेच.

नव्याने काम सुरू झालं ते निवृत्त सनदी अधिकारी रामनाथ झा यांच्या देखरेखीखाली. या वेळी सर्वेक्षणाची माणसं आमच्या टेकडीवर खरोखर आली. दोन तरुण अभियंते, उन्हात लाल झालेले. आम्ही त्यांना ताक दिलं, आमची यादी दिली. त्यातल्या एकाने तात्यांचा छेद हातात धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “हे कोणी काढलं?” तात्या तेव्हा आजारी होते. मी त्याला घरी घेऊन गेले. दोघं नकाशावर बोलत बसले, आम्हाला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण तात्यांचा चेहरा उजळला होता.

२७ मे २०१६ ला सुधारित प्रारूप आराखडा आला. तात्या त्याआधी दोन महिने गेले.

रस्ता नव्हता. मैदानाच्या जागी हिरवा चौकोन होता आणि त्यावर मैदानाची सांकेतिक अक्षरं : आरओएस १.४. आनंदाने मी ओरडलेच. नंतर पट्टी लावली. चौकोन लहान होता. वडाचा पार, विहीर आणि बालवाडी बाहेर राहिली होती. आतली जागा आमच्या हिशेबाने साधारण अकराशे चौरस मीटर, प्रत्यक्षातलं मैदान साडेअठराशेच्या पुढे. आणि ते पहिलं अक्षर. सूची उघडल्यावर कळलं की ‘ई’ने सुरू होतं ते अस्तित्वात असलेलं, ‘आर’ने सुरू होतं ते आरक्षण, म्हणजे पुढे करायचं. चाळीस वर्षं ज्यावर पोरं खेळली ते मैदान आराखड्याच्या दृष्टीने अजून व्हायचं होतं.

पुन्हा हरकत. या वेळी वस्तीतून फक्त एकोणतीस पत्रं गेली. लोक दमले होते, मी कुणाला दोष देत नाही.

सुनावणीचं पत्र आलं नोव्हेंबरमधलं. नुकती नोटबंदी झाली होती, बायका बँकेच्या रांगेत, रोजंदारी अडकलेली. तरी सहा जणी आल्या. हॉलबाहेर बाकावर आमच्या शेजारी एका मोठ्या सोसायटीचे सुटातले गृहस्थ, पलीकडे एका देवळाचे विश्वस्त, एक पारशी आजी, आणि मालाडहून आलेले शेतकरी आजोबा. होय, मुंबईत अजून शेतकरी आहेत. सगळ्यांच्या मांडीवर एकसारखा गुंडाळलेला नकाशा.

नियोजन समितीत सात जण असतात, स्थायी समितीतले तीन आणि बाहेरचे तज्ज्ञ. आमच्या वाट्याला पाचेक मिनिटं आली. मी शीट पसरलं, बोट ठेवलं. समोरच्या एकांनी नेमका प्रश्न विचारला, “जमीन कोणाची आहे?”

“खासगी आहे, सर.”

“मग अस्तित्वातलं सार्वजनिक मैदान म्हणून ती कशी दाखवणार?”

प्रश्न रास्त होता. त्यात उर्मटपणा नव्हता, आणि उत्तर मी रात्रभर घोकलेलं होतं. मी म्हटलं, सर, मालकी कोणाची ते मालमत्ता पत्रकात आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण हा नकाशा जमीन कशी वापरली जाते त्याचा आहे. वापर आमचा आहे. मग पिशवीतून कागद काढले. १९८३ च्या कबड्डी स्पर्धेची पत्रिका, त्यावर ठिकाण म्हणून मैदानाचं नाव. बालवाडीचं १९९८ पासूनचं हजेरीपुस्तक. पोलिओ लसीकरणाचे फोटो, मागे वड. २६ जुलैनंतर मदतवाटपाची यादी, तीही मैदानावरच केलेली. एक मॅडम हजेरीपुस्तक चाळत राहिल्या. त्यांनी विचारलं, “आत्ता किती मुलं येतात?” मी म्हटलं, “चौतीस. आणि पाळणाघर असतं तर अजून वीस आली असती.” त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर आमच्यातली एक म्हणाली, “ताई, त्यांनी ऐकलं गं.” खरंच ऐकलं होतं. पुढे काय होईल ते वेगळं, पण आमच्यासारख्यांचं बोलणं कुणी मान खाली घालून लिहून घेतंय, हे त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं सगळं वर्तमानपत्रातून कळत गेलं. समितीचा अहवाल, मग ३१ जुलै २०१७ ला महापालिका सभागृहाची मंजुरी, ८ मे २०१८ ला राज्य सरकारची. १ सप्टेंबर २०१८ पासून आराखडा लागू झाला.

आमच्या वाट्याला आलं ते असं. हिरवा चौकोन वाढला, वडाचा पार आत आला. विहीर आणि बालवाडी बाहेरच राहिली. अक्षर बदललं नाही, ‘आर’च आहे. पाळणाघराची जागा आमच्या टेकडीवर नाही. पण महिलांसाठी आधार केंद्र, नोकरदार महिलांसाठी वसतिगृह, अशी आधीच्या आराखड्यांत नसलेली आरक्षणं शहरात इतरत्र आली. त्या बैठकांना आलेल्या कितीतरी जणींची बोलणी त्यात आहेत. भांडुपला नाही मिळालं, कुठल्या तरी बाईला मिळेल, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

‘आर’ या अक्षराचा अर्थ मला पुढे एका वकीलबाईंनी नीट समजावला. खासगी जमिनीवर आरक्षण टाकलं म्हणजे ती सार्वजनिक झाली असं नाही. ती संपादित करावी लागते, किंवा बदल्यात विकासहक्क, म्हणजे वाढीव बांधकामाचा हक्क, देऊन ताब्यात घ्यावी लागते. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ते झालं नाही तर मालक त्याच १९६६ च्या कायद्यातल्या कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपतं, जमीन मोकळी. आराखडा २०३४ चा म्हणायचा, पण आमच्या मैदानाच्या दृष्टीने पहिली तारीख २०२८ च्या सप्टेंबरमध्ये येते. दुसरा धोका पुनर्विकासाचा. मैदान-बागेच्या आरक्षणावर झोपड्या असतील तर योजनेत सगळी जागा मोकळी सोडावीच लागते असं नाही, साधारण तिसरा हिस्सा राखला तरी नियम पाळला जातो. म्हणून मैदानावर नवीन पत्रा उभा राहू नये याची राखण आम्ही स्वतः करतो. दोनदा भांडणं झाली, आपल्याच माणसांशी. एका कुटुंबाला खरोखर गरज होती, मुलाचं लग्न ठरलेलं, घरात जागा नाही. त्यांना ‘नाही’ म्हणताना मला रात्रभर झोप लागली नाही. पण म्हटलं.

दरवर्षी १ सप्टेंबरच्या आसपासच्या रविवारी आम्ही मैदान मोजतो. टेपचं एक टोक वडाच्या मुळाशी धरायचं, तात्यांनी खूण केली होती तिथे. गेल्या खेपेला टेप धरायला माझ्या पहिल्या तुकडीतला एक मुलगा आला होता, आता स्वतः एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर आहे, त्याची लेक आमच्या बालवाडीत. लांबी अठ्ठावन्न भरली. रुंदी एकतीस मीटर ऐंशी. खालच्या बाजूच्या गटाराची भिंत नव्याने बांधताना वीस सेंटीमीटर आत आली आहे. ते वहीत लिहिलं, फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी पत्र दिलं, एका पानाचं, सिटी सर्व्हे नंबरसकट. पोच घेतली आहे. आराखड्याच्या प्रती, डीपी रिमार्क (आराखड्यात आमच्या जागेवर काय दाखवलंय त्याचा दाखला), तात्यांचा छेद आणि सगळ्या पोचा बालवाडीच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहेत. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी त्या पोरीकडे जिने आजीचं पत्र लिहिलं होतं.